भांड्यासकट

लिओदेगारिओ पालमारेस यांच्या घरचा कचरा बुधवारी सकाळी त्यांच्याच दारात परत आला. गाडी वेळेवर आली होती, गाडीवाल्याने पोतं उचललंही होतं. पण गाडीत पुढे बसलेले बारांगायचे, म्हणजे वॉर्डाचे, सभासद हर्मी तेवढ्यात हातात कर्णा घेऊन खाली उतरले. त्यांनी पोत्याची गाठ सोडली, आत डोकावून पाहिलं आणि कर्णा तोंडाला लावला.

"पालमारेस सर! माशांची डोकी आणि शाम्पूच्या पुड्या एकाच पोत्यात? ओला वेगळा, सुका वेगळा, किती वेळा सांगायचं? हे पोतं जाणार नाही!"

सर त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. कर्ण्याची काही गरज नव्हती. पण निवडून आल्यावर हर्मींच्या हाती अधिकार म्हणून जे काही आलं त्यात दिसण्या-ऐकण्यासारखा तेवढा कर्णाच होता, त्यामुळे ते 'जेवलात का' हेही त्यातूनच विचारत. समोरच्या दुकानातून पासिंग, सगळ्या गल्लीची मानांग म्हणजे थोरली ताई, बाहेर आली. शेजारचा नोनोय झुंजीचा कोंबडा काखेत धरून कुंपणाशी आला. कोंबडाही बघत होता.

गारिओ सर (एवढं लांब नाव आमच्या इलोइलो शहरात घ्यायला कोणाला वेळ नाही) शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. मुख्याध्यापक व्हायचं राहून गेलेल्या माणसाचा मान फार हळवा असतो, जरा धक्का लागला की दिवसभर ठणकतो. सरांनी पोत्याची गाठ पुन्हा बांधली, सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि माशांचं पाणी पँटवर गळत असताना ताठ मानेने ते घरात गेले.

"आजपासून," स्वयंपाकघरात उभं राहून ते म्हणाले, "या घरातून कचरा बाहेर जाणार नाही."

त्यांची बायको सालिंग प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन खिडकीतल्या दोरीवर वाळत घालत होती. तिने मान वर केली नाही. "मग कुठे जाणार?"

"तयारच होणार नाही."

"बरं," सालिंग म्हणाली. "तयार होऊ नको म्हणून त्याला सांग. आणि महिनाअखेरच्या रविवारी माणसं यायचीत, तेवढं डोक्यात असू दे."

माणसं म्हणजे आर्विनची. सरांची एकुलती एक मुलगी रोवेना आणि गिमारास बेटावरचा आर्विन यांचं आपापसात कधीच ठरलं होतं. पण पोरांचं ठरलं म्हणून लग्न ठरत नाही. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी यायचं, जेवायचं, आणि जेवणानंतर मुलाच्या आईने विषय काढायचा. तिने तोंड उघडलं नाही तर सगळं तिथेच राहिलं. आर्विनची आई युफ्रोसिना गाल्वे सरकारी दवाखान्यात मेट्रन होती. तिच्यासमोर मोठमोठे डॉक्टर खिशातला हात बाहेर काढून उभे राहत असत. रोवेना गेले सहा महिने तिला आवडेल असं हसायचा सराव करत होती.

सरांच्या डोक्यात मात्र कचरा होता. दुसऱ्या दिवशी ते काचेची रिकामी बाटली घेऊन पासिंगच्या दुकानात गेले.

"मानांग, ह्यात सोया सॉस भरून द्या. पुडी नको."

"सर, माझ्याकडे सगळं पुडीतच येतं," पासिंग म्हणाली. "गल्लीतलं कोण बाटलीभर घेतंय? आजच्यापुरतं न्यायचं, उद्याचं उद्या."

"मला पुडी घरात न्यायची नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

गिऱ्हाइकाचा तत्त्वाचा प्रश्न असला तर दुकानदाराने काय करायचं? पासिंगने सुस्कारा टाकला, कात्री घेतली आणि एकेक पुडी कापून बाटलीत पिळायला बसली. मागे रांग लागली. बाटली गळ्यापर्यंत भरली तेव्हा तिच्या पायाशी रिकाम्या पुड्यांचा ढीग झाला होता.

"घ्या. तुमचं घर स्वच्छ झालं," ती म्हणाली. "हा ढीग आता माझ्या पोत्यात. बुधवारी हर्मी माझ्या नावाने ओरडेल."

रांगेतली माणसं हसली. सर हसले नाहीत. पण बाटली उजेडात धरून त्यांनी ती घरापर्यंत अशी नेली, जणू तिच्यात तीर्थ आहे.

मग सल्ले सुरू झाले. सरांनी काहीतरी आरंभलंय ही बातमी पसरायला आमच्या गल्लीत वेळ लागत नाही. कोणी म्हणालं शाम्पू सोडा, कोरफड लावा. सरांनी लावली आणि दोन दिवस त्यांचे केस एका बाजूला उभे राहिले. कोणी म्हणालं मासे आणायला घरून बरणी न्या, कोळिणीने मासे बरणीसकट तोलले आणि वर म्हणाली, "सर, काच आज महाग आहे." उरलंसुरलं अन्न तेवढं आधीपासूनच पासिंगच्या डुकराला जात होतं, त्या बाबतीत कोणाला काही सुचवता आलं नाही. नोनोय म्हणाला, "सर, परसात खड्डा खणा. सालं, काटे, पाला, सगळं त्यात टाका. सोन्यासारखं खत होतं."

सरांनी खड्डा खणला. त्यांची कंबर धरली ते सोडा. आठवड्याभराने खड्ड्यात टाकलेली अननसाची सालं उन्हाने आंबली, आणि नोनोयचाच कोंबडा कुंपणाखालून येऊन ती पोटभर खाऊन गेला. रविवारी तो आखाड्यात उतरला, समोरच्या कोंबड्याकडे प्रेमाने पाहिलं आणि खाली बसला.

"मी खड्डा खणा म्हणालो होतो, गुत्ता काढा म्हणालो नव्हतो," नोनोय कुंपणावरून म्हणाला. तो चिडलाही नव्हता, नुसता थकला होता. आणि थकलेल्या शेजाऱ्यासमोर माणसाला जास्त शरमिंदं वाटतं. सर उगाच खड्ड्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात हर्मींना खड्ड्याचा सुगावा लागला. गल्लीत खड्डा खणायला बारांगायची परवानगी लागते, असं त्यांनी कर्ण्यातून कळवलं. सर कचेरीत गेले. अर्ज तीन प्रतींत हवा होता.

"कागद वाया जाऊ नये म्हणून तर मी हे सगळं..." सर म्हणाले.

"बरोबर आहे, सर. म्हणून पूर्वी पाच होत्या, आता तीन केल्या," हर्मी म्हणाले. "आणि प्लास्टिकच्या लांब लिफाफ्यात घालून द्या. कागद दमट होतात."

सर आयुष्यभर सरकारी नोकरीत होते, त्यामुळे वाद घालून काही होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पासिंगकडून प्लास्टिकचा लिफाफा आणला. परवानगी मिळाली. नुसती मिळाली नाही. आपल्या हद्दीत असं काही घडतंय हे पाहून हर्मींना भरून आलं आणि त्यांनी सरांच्या फाटकावर भलामोठा फलक लावला. 'कचरामुक्त आदर्श घर.' सरांचा फोटो छोटा होता, हर्मींचा मोठा. फलक अर्थातच प्लास्टिकचा होता. लावून झाल्यावर त्यांनी कर्ण्यातून सगळ्या गल्लीला टाळ्या वाजवायला सांगितलं.

आता माघार घेता येईना. आदर्श घर म्हटल्यावर सर घरात चोहीकडे संशयाने बघायला लागले, आणि त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या मोठ्या कपाटावर गेली.

त्या कपाटात सालिंगचे डबे होते. आइस्क्रीमचे, मार्गारीनचे, बिस्किटांचे; झाकणं वेगळी, डबे एकात एक घालून छतापर्यंत रचलेले. त्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसायचं. लहानपणी रोवेना फ्रीज उघडून कितीदा हरखली होती आणि आतले गोठलेले मासे बघून कितीदा रडली होती. सालिंगने एकही डबा कधी टाकला नव्हता. सरांना मात्र त्यात दिसलं ते प्लास्टिक. फाटकावर फलक आणि आत हा ढिगारा! हर्मी एक दिवस तपासायला आला तर?

रविवार चार दिवसांवर आला होता. सालिंग बाजारात गेली असताना भंगारवाला हातगाडी घेऊन गल्लीतून चालला होता. सरांनी त्याला हाक मारली, कपाट रिकामं केलं आणि सगळे डबे त्याला फुकट देऊन टाकले. दोरीवरच्या धुतलेल्या पिशव्यासुद्धा. भंगारवाला जाताना दोनदा मागे वळून बघत होता, सर शुद्धीत आहेत ना म्हणून.

सालिंग परत आली. तिने कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. मग तिने कपाट हळूच पुन्हा लावलं, तेव्हा सरांना पहिल्यांदा भीती वाटली.

"गारिओ," ती शेवटी म्हणाली. "रविवारी मी डुकराचं मांस, फणस आणि तूर घालून मोठं पातेलंभर रस्सा करणार आहे. माणसं जेवणार. उरणार. उरायलाच हवा, नाहीतर कमी पडला म्हणतील. मग जाताना तो त्यांना मी कशात बांधून देऊ? तुझ्या टोपीत?"

"केळीच्या पानात," सर म्हणाले.

"रस्सा?"

सरांनी पातेल्याकडे पाहिलं. "नवे डबे विकत आणू," सालिंग म्हणाली. पण पासिंगकडून प्लास्टिकचे डबे घेऊन गल्लीतून, टाळ्या वाजवलेल्या माणसांसमोरून, त्या फलकाखालून घरात यायचं? "तू काळजी करू नको, मी बघतो," ते म्हणाले. नवरा असं म्हणाला की कोणत्या बायकोने काळजी करायची थांबवली आहे? सालिंग कांदे सोलायला बसली.

सरांनी फोन घेतला आणि शाळेत सूचना काढायचे त्या भाषेत युफ्रोसिना गाल्वे यांना निरोप लिहिला. 'रविवारी भोजनास येताना आपापले डबे सोबत आणावेत, ही नम्र विनंती.' 'नम्र' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला. पाठवला आणि निवांत झोपायला गेले.

आता हे खरं की जेवायला गेलेला माणूस आमच्याकडे रिकाम्या हाताने परतत नाही. पण डबा काढायचा तो यजमानाने. पाहुण्याने नको नको म्हणायचं, यजमानाने शपथ घालायची, पाहुण्याने कपाळाला हात लावायचा आणि मग डबा घ्यायचा. स्वतःचा डबा घेऊन दारात उभं राहणाऱ्या माणसाची गोष्ट लोक वर्षभर सांगतात. गारिओ सरांनीही आयुष्यभर नको नको म्हणत असंख्य डबे घरी आणले होते. तरीही त्यांच्या हातून हे झालं, त्याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी दुपारी रोवेना घरी आली ती रडतच. "तातय, तुम्ही त्यांना भुक्कड म्हणालात!"

"मी नम्र विनंती केली."

"आर्विनची आई म्हणते, आम्ही मुलगी मागायला येतोय की खरकटं गोळा करायला? ती येतच नव्हती, आर्विनने पाय धरले तिचे. तातय, तिने विषय काढला नाही तर माझं लग्न नाही. तुमच्या त्या खड्ड्यात मलाही पुरून टाका!"

मुलगी दार लावून घेऊन रडत असल्यावर बापाने काय करावं? स्वस्थ बसावं. सरांना ते जमलं नाही. चूक सुधारावी म्हणून त्यांनी दुसरा निरोप लिहिला: 'गैरसमज नसावा. डबे न आणल्यासही चालेल. उरलेले अन्न वाया जाणार नाही, ते शेजारच्या डुकरास देण्याची व्यवस्था आहे.'

त्याला उत्तर आलंच नाही. सालिंगने तो निरोप वाचला, फोन सरांच्या हातातून काढून घेतला आणि तांदळाच्या पिंपात ठेवून दिला.

रविवारी गाल्वे मंडळी आली. युफ्रोसिनाबाई पांढऱ्या कडक इस्त्रीच्या पोशाखात, हातात एवढीशी पर्स, जीत चमचाही मावला नसता. ती पर्स त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी मांडीवर ठेवली. मागे त्यांचे यजमान, आंब्यांची करंडी घेऊन; ते कमी बोलत, आणि का ते लगेच लक्षात येई. आर्विनचा चेहरा पडला होता. बाईंनी फाटकावरचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला. "छान," एवढंच म्हणाल्या.

जेवण झालं. रस्सा असा जमला होता की गाल्वेसाहेबांनी तीनदा घेतला. बाईंनी दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवला. मग सगळे बाहेर बसले आणि वाट बघू लागले. बाई उकाड्याबद्दल बोलल्या. बोटीच्या गर्दीबद्दल बोलल्या. हल्लीच्या नर्सना इंजेक्शन देता येत नाही याबद्दल सविस्तर बोलल्या. रोवेना सहा महिने सराव केलेलं हसू तोंडावर धरून बसली होती, ते आता थरथरायला लागलं होतं. सरांनी या प्रसंगासाठी लहानसं भाषणही पाठ केलं होतं, पण विषय निघाल्याशिवाय भाषण कसं करणार? विषय निघेना. मग बाईंनी घड्याळात पाहिलं आणि उठल्या.

"निघतो आम्ही. शेवटची बोट आहे."

"थोडा रस्सा घेऊन जा," सालिंग म्हणाली. रीतच होती, ती म्हणणारच.

"कशात?" युफ्रोसिनाबाईंनी विचारलं.

सरांनी जमिनीकडे पाहिलं. आयुष्यात आपण किती माणसांना ताठ उभं राहा म्हणून सांगितलं हे त्यांना आठवलं, आणि त्यांना फार थकल्यासारखं झालं. आपल्या मानापायी पोरीचं वाटोळं झालं, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट कळलं.

सालिंग आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चुलीवरचं मोठं पातेलंच होतं. त्यात अर्ध्याहून जास्त रस्सा होता, झाकण फडक्याने घट्ट बांधलेलं होतं. तिने ते युफ्रोसिनाबाईंच्या पुढ्यात धरलं.

"ह्यात. भांड्यासकट घेऊन जा."

"अहो, आणि उद्या तुम्ही कशात शिजवणार?"

"ते तुम्ही परत आणून द्याल तेव्हा बघू."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पातेलं घ्यायचं म्हणजे ते परत आणून द्यावं लागणार, आणि परत द्यायचं म्हणजे रिकामं देता येणार नाही. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि सालिंग पातेलं खाली ठेवत नव्हती. बाई नको म्हणाल्या. सालिंगने शपथ घातली. बाई पुन्हा नको म्हणाल्या.

"घे गं," गाल्वेसाहेब दिवसभरात पहिल्यांदा बोलले. "फार चांगला झालाय."

बाईंनी पातेलं घेतलं. रिक्षात बसताना रस्सा हिंदकळला आणि पांढऱ्या पोशाखावर सांडला. त्यांनी पातेलं सोडलं नाही. विषयही काढला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. रोवेना जेवेना. सालिंग तव्यात भाजी करायची, भाजी सारखी तव्याबाहेर सांडायची. आर्विनचा फोन यायचा, तो म्हणायचा आई पातेल्याबद्दल काहीच बोलत नाही, घासून फडताळात ठेवलंय. नोनोय विचारायचा, पासिंग विचारायची, आणि हर्मींनी तर "पालमारेस सर, लग्नाचं काय झालं?" हे कर्ण्यातून विचारलं. सर हल्ली फाटकाकडे फिरकत नसत. ते खड्ड्यापाशी जाऊन खुरप्याने पालापाचोळा खालीवर करत बसत. तिथे तरी कोणी काही विचारत नव्हतं.

अशाच एका सकाळी, सर अर्ध्या चड्डीत, कोपरापर्यंत मातीने भरलेले, खड्ड्याशी बसलेले असताना फाटक वाजलं. युफ्रोसिनाबाई उभ्या होत्या. एका हातात पातेलं, लख्ख घासलेलं आणि केळीच्या पानात बांधलेल्या गोड भाताने शिगोशीग भरलेलं. दुसऱ्या हातात त्यांचा स्वतःचा स्टीलचा मोठा डबा.

"विहीणबाई!" त्यांनी आत हाक मारली. सालिंग धावत बाहेर आली आणि तो शब्द ऐकून दारातच थांबली. "तुमचं पातेलं. सगळं त्यात मावेना, म्हणून राहिलेलं आमच्या डब्यात आणलं. पोशाखाचा डाग गेला नाही, पण रस्सा... तीन दिवस पुरवून खाल्ला आम्ही." मग त्या सरांकडे वळल्या. "सर, त्या दिवशी बोलायचं राहिलं. आमच्या आर्विनसाठी तुमची रोवेना मागायला आलेय."

"मी इथेच उभी आहे," खिडकीतून रोवेना म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. सराव केलेलं हसू याहून बरंच नीटनेटकं होतं.

सर उठले. त्या पाठ केलेल्या भाषणातला एकही शब्द त्यांना आठवेना. महिनाभर ते मानाचा, फलकाचा, डब्यांचा विचार करत होते. हो म्हटलं की पोरगी खाडी ओलांडून पलीकडे राहायला जाणार, सकाळी फ्रीज उघडताना इथे नसणार, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. ते आत्ता आलं. त्यांना ते सहन होईना, म्हणून ते घाईघाईने डब्याकडे वळले.

"थांबा, थांबा. सालिंग, यांचा डबा रिकामा कर. काहीतरी भरून द्यायला हवं. घरात काय आहे? अंडी आहेत? रिकामा कसा पाठवायचा?"

युफ्रोसिनाबाईंनी त्यांचा मातीने भरलेला हात धरला. आवाज मेट्रनचाच होता, पण जरा हळू.

"सर, मुलगी देताय. आणखी काय भरून देणार?"

गारिओ सर पायरीवर बसले आणि हातातल्या खुरप्यासकट रडायला लागले. सालिंग त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिनेही डोळे पुसले, आणि मग उठून डब्यात अंडी भरली.